कोणता डोळा, कोणता खांदा: मुलांच्या हातात रायफल देण्याआधी

मूल पहिल्यांदा नेमबाजीच्या रेंजवर आलं की त्याला बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न विचारतात, "कोणत्या हातानं लिहितोस?" उत्तर "उजव्या" आलं की उजव्या बाजूची रायफल त्याच्या खांद्याला लावली जाते आणि विषय तिथंच मिटतो. पुढे वर्ष-दीड वर्षानं तेच मूल मान वेडीवाकडी करून, डावा डोळा घट्ट मिटून, गाल रायफलच्या लाकडावर घासत नेम धरताना दिसतं. मग पालक विचारतात, "एवढी प्रॅक्टिस करूनही स्कोअर का हलत नाही?" उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलाचा डोळाही उजवाच चालतो हे कुणीतरी पहिल्या दिवशी गृहीत धरलेलं असतं, तपासलेलं नसतं.

पुण्यात ही गोष्ट आता जास्त महत्त्वाची झाली आहे. २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकणारा स्वप्नील कुसाळे म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडानगरीत सराव करायचा. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, दोघी कोल्हापूरच्या. ही नावं घराघरांत पोचली आहेत आणि मे महिन्याच्या सुट्टीत नऊ-दहा वर्षांची मुलं शिबिरांना येतात. शिबिर पंधरा दिवसांचं. तेवढ्यात मुलाला "ठो" करून बघायचं असतं, पालकांना फोटो हवा असतो. घाईत डोळ्याची तपासणी राहून जाते. पण मुळात तिला वीसच मिनिटं लागतात.

इथून पुढे जे लिहिलं आहे ते १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलाबद्दल, साधारण ९ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

आधी हात

आपल्याकडे "लिहायचा हात" या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. प्रसाद उजव्या हातानं घ्यायचा, जेवायचं उजव्या हातानं, पैसे द्यायचे उजव्या हातानं. "बाळा, त्या हातानं नाही" असं आजीनं हजार वेळा सांगितल्यावर जन्मतः डावखुरं असलेलं मूलही उजव्या हातानं लिहायला लागतं. म्हणून ज्या कामांकडे घरच्यांचं लक्ष नसतं ती कामं बघायची. चेंडू लांब कोणत्या हातानं फेकतो? कॅरमचा स्ट्रायकर कोणत्या हातानं मारतो? गोटी कोणत्या बोटानं उडवतो? दात कोणत्या हातानं घासतो, पाण्याच्या बाटलीचं झाकण कोणत्या हातानं फिरवतो? क्रिकेटची बॅटिंग मात्र पुरावा म्हणून धरू नका. बॅट दोन्ही हातांनी धरतात, आणि उजवी मुलं डावी बॅटिंग करताना सर्रास दिसतात. बोलिंगचा हात बघा.

पाचपैकी तीन कामं डाव्या हातानं होत असतील तर मूल मनानं डावखुरं आहे, वहीतलं अक्षर काहीही सांगो. अशा मुलाला आधी आईवडिलांसमोर स्पष्ट सांगावं की रेंजवर डावा हात चालतो. काही मुलांना ते ऐकून अक्षरशः हायसं वाटतं.

मग डोळा

दोन्ही डोळे उघडे असताना मेंदू दिशेसाठी त्यातल्या एकावर जास्त विसंबतो. त्याला रेंजवर "मास्टर आय" म्हणतात. आपण प्रबळ डोळा म्हणू. प्रबळ म्हणजे जास्त स्वच्छ दिसणारा असं नाही. चष्म्याचा नंबर जास्त असलेला डोळाही प्रबळ असू शकतो. साधारण तीन माणसांमागे दोघांचा उजवा डोळा प्रबळ असतो, उरलेल्यांतल्या बहुतेकांचा डावा, आणि थोड्यांचा ठामपणे कोणताच नाही. डावखुरे मात्र दहात एखादाच. त्यामुळे बारा मुलांच्या बॅचमध्ये तीन-चार जणांचा हात एकीकडे आणि डोळा दुसरीकडे निघाला तर आश्चर्य वाटायला नको. हा दोष नाही, आजार नाही, आणि मुलासमोर "प्रॉब्लेम" हा शब्द वापरायचं कारणही नाही.

तपासणीचे तीन प्रकार करावेत, कारण एकाच चाचणीवर मुलं फसवतात. मुद्दाम नाही, त्यांना "बरोबर उत्तर" द्यायचं असतं म्हणून.

पहिली चाचणी भोकाची. जाड पुठ्ठ्याला मधोमध दोन-अडीच सेंटिमीटरचं भोक पाडा. मुलानं पुठ्ठा दोन्ही हातांत धरून, हात पूर्ण लांब करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून भोकातून लांबची वस्तू बघायची. वस्तू किमान ४-५ मीटरवर हवी. गच्चीवरून करत असाल तर लांबचा विजेचा खांब किंवा पर्वतीच्या देवळाचा कळस उत्तम. आता वस्तू न सोडता पुठ्ठा हळूहळू चेहऱ्याकडे आणायचा. भोक ज्या डोळ्यावर येऊन टेकेल तो प्रबळ. पुठ्ठा एका हातात धरू देऊ नका, तो त्या हाताच्या बाजूला ओढला जातो आणि निकाल खोटा येतो.

दुसरी चाचणी बोटाची. इटलीच्या जामबत्तिस्ता देल्ला पोर्तानं ती १५९३ साली लिहून ठेवली, आणि आजही तीच वापरतात. शिकवणाऱ्यानं मुलासमोर तीन मीटरवर उभं राहायचं, स्वतःचा एक डोळा झाकायचा आणि सांगायचं, "माझ्या उघड्या डोळ्याकडे बोट दाखव." मुलाचं बोट त्याच्या ज्या डोळ्याच्या रेषेत दिसेल तो त्याचा प्रबळ डोळा. यात मुलाला काहीच ठरवायचं नसतं, त्यामुळे लहान मुलांसाठी ही सगळ्यांत विश्वासार्ह. आधी उजव्या हाताच्या बोटानं, मग डाव्या, मग दोन्ही तळहात जोडून बोटं पुढे करून.

तिसरी चाचणी रायफलच्या पवित्र्यात घ्यायची, आणि हीच बहुतेक वेळा वगळली जाते. नजर तिरकी असते तेव्हा डोळ्याचं प्राबल्य बदलू शकतं. समोर सरळ बघताना उजवा डोळा प्रबळ असलेलं मूल डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावीकडे बघायला लागलं की डावा डोळा पुढाकार घेऊ शकतो. उजव्या खांद्यावरून रायफल मारणारा नेमबाज लक्ष्याला डावी बाजू देऊन उभा राहतो आणि मान डावीकडे वळवतो. मान पूर्ण वळली तर डोळे खोबणीच्या मध्यावर राहतात. मान कमी वळली तर उरलेलं अंतर डोळे तिरके होऊन भरून काढतात. म्हणून मुलाला रायफलशिवाय तशाच पवित्र्यात उभं करा, आणि पुन्हा बोटाची चाचणी घ्या.

प्रत्येक चाचणी पाच वेळा, दोन वेगवेगळ्या दिवशी. तीसपैकी पंचवीसहून जास्त वेळा एकच डोळा आला तर शंका ठेवू नका. वीसच्या आसपास आला तर प्राबल्य कच्चं आहे. तिथं हाताचं ऐकायचं आणि डोळ्याला थोडी मदत करायची. पंधरा-पंधरा आलं तर पहिल्यांदा चाचणी नीट झाली का ते बघा: एका बाजूनं खिडकीचा उजेड येत होता का, चष्मा काढून घेतला होता का, मूल एक डोळा बारीक करत होतं का.

एका डोळ्यानं मुलाला खरोखरच अंधुक दिसतंय असं वाटलं, म्हणजे एक डोळा झाकल्यावर दुसऱ्यानं भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे वाचता येत नसले, तर तिथंच थांबा. आधी नेत्रतज्ज्ञ, मग रेंज. आळशी डोळ्याचा उपचार जितक्या लहान वयात सुरू होईल तितका चांगला, आणि घरच्यांना आजवर पत्ता लागलेला नसतो असं घडतं. अशा मुलाला नेमबाजीसाठी चांगला डोळाच वापरू द्यावा. कमजोर डोळ्याला "व्यायाम" म्हणून नेमाला लावू नये.

डोळा आणि हात जुळले नाहीत तर नेमकं काय बिघडतं

हे प्रत्येक प्रकारात वेगळं आहे, आणि इथं बराच गोंधळ असतो.

एअर रायफलला मागे पीप साइट, म्हणजे नेम धरायची चकती असते, जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरच्या भोकाची. त्या भोकातून एकच डोळा बघू शकतो. उजव्या खांद्याला रायफल लावलेल्या मुलाचा डावा डोळा प्रबळ असला तरी तो नळीच्या टोकाची नेमाची रिंग भोकातून पाहूच शकत नाही. म्हणून इथं छर्रे सरळसरळ एका बाजूला जात नाहीत. होतं असं की डावा डोळा समोरचं मोकळं दृश्य, शेजारची लेन, नळीची बाजू हे सगळं मेंदूला पाठवत राहतो आणि मेंदू त्यालाच मान देतो. मूल सांगतं, "सर, दोन दिसतायत," किंवा (लक्ष्याच्या काळ्या गोलाबद्दल) "मधेच काळं गायब होतं." मग ते डावा डोळा मिटतं. डोळा मिटला की चेहऱ्याचे स्नायू आकसतात, गालाचा लाकडावरचा दाब बदलतो, डोळा पीपच्या मध्यावरून सरकतो आणि छर्रा भरकटतो. काही मुलं त्याहून पुढे जातात: मान लाकडावरून पलीकडे झुकवून डावा डोळा पीपमागे आणायचा प्रयत्न करतात. पहिल्या दहा छर्‍यांत हे दिसत नाही. पंचविसाव्या-तिसाव्याला दिसतं, डोळा थकल्यावर. शेजारच्या कार्डावर गेलेला छर्रासुद्धा बऱ्याचदा याच थकव्याचा असतो.

पिस्तुलाला उघडी साइट: मागे खाच, पुढे पोस्ट म्हणजे उभी पट्टी. दोन्ही जुळवल्या की कोणत्या डोळ्यानं जुळवल्या यानं छर्‍याची जागा बदलत नाही, कारण खाच आणि पोस्ट यांची रेषा तीच राहते. त्रास होतो तो डोळ्यांनी नेम धरता धरता अदलाबदल केल्यावर. चित्र एकदम बाजूला उडी मारतं, मूल मनगट वळवून त्याच्या मागे जातं, आणि नेमक्या त्याच क्षणी बोट ट्रिगर ओढतं.

ट्रॅपच्या, म्हणजे उडत्या चकत्यांवर मारायच्या शॉटगनला मागची साइटच नसते, मागच्या साइटचं काम डोळाच करतो. तिथं उजव्या खांद्याचा पण डाव्या प्रबळ डोळ्याचा नेमबाज सरळ डावीकडे मारतो. तिथं खांदा बदलणं हाच पहिला पर्याय. ट्रॅपबद्दल इथं एवढंच.

निर्णय

रायफलसाठी माझं मत ठाम आहे: मूल नवीन असेल, बारा वर्षांच्या आतलं असेल आणि प्राबल्य पक्कं असेल, तर खांदा डोळ्याच्या बाजूचा. डावा डोळा, तर डावा खांदा, मग ते उजव्या हातानं लिहीत असलं तरी. रायफलमध्ये हाताच्या कसबाला लोक हवं त्यापेक्षा जास्त महत्त्व देतात. पुढचा हात रायफल उचलून धरत नाही. कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि वजन हाडांवरून पायात उतरतं. मागच्या हाताच्या एका बोटाला काही मिलिमीटरची हालचाल करायची असते. ती दुसऱ्या हाताचं बोटही तीन-चार आठवड्यांत शिकतं. डोळ्याचं प्राबल्य मात्र सरावानं बदलायला घेतलं तर वर्षं जातात आणि तरी दमल्यावर मूळ डोळा परत येतो.

हात किती शिकू शकतो याचं सगळ्यांत मोठं उदाहरण हंगेरीचा कारोली ताकाच. १९३८ साली हातबॉम्बच्या स्फोटात त्याचा पिस्तूल धरायचा उजवा हात निकामी झाला. त्यानं डाव्या हातानं सुरुवातीपासून शिकून १९४८ ला लंडनमध्ये आणि १९५२ ला हेलसिंकीत रॅपिड फायर पिस्तुलाचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. तो प्रौढ, जिद्दी सैनिक होता. दहा वर्षांच्या मुलावर तशी सक्ती करायची नाही, पण "उजव्या मुलाला डाव्या बोटानं ट्रिगर जमणारच नाही" या समजुतीला त्यात उत्तर आहे.

पिस्तुलात उलटं: हात जो आहे तोच ठेवा. नियमानं पिस्तूल एकाच हातात धरायचं असतं, हात पूर्ण लांब असतो, त्यामुळे ते कोणत्याही डोळ्यासमोर आणता येतं. उजवा हात आणि डावा डोळा असेल तर पावलं थोडी जास्त उघडून अंग लक्ष्याकडे वळवायचं, म्हणजे आडवं उभं न राहता थोडं समोरासमोर. मग हनुवटी किंचित उजवीकडे नेली की डावा डोळा साइटमागे येतो. अंग आडवं ठेवून नुसती मान पिळली तर नाक आड येतं आणि मानेचा स्नायू वीस मिनिटांत दुखायला लागतो. ग्रिपचा, म्हणजे मुठीचा कोनही थोडा बदलावा लागतो. हात वर आणून डोळे मिटायचे, उघडायचे, आणि पोस्ट आपोआप खाचेच्या मध्यावर आलेली दिसेपर्यंत ग्रिप फिरवायची. मनगटानं जुळवायचं नाही.

रायफलमध्ये खांदा बदलणं शक्य नसेल, म्हणजे मूल वर्षभर उजवीकडून मारतंय आणि तक्रार नाही, किंवा प्राबल्य कच्चं आहे, किंवा क्लबात डावी रायफलच नाही, तर ब्लाइंडर, म्हणजे न वापरायच्या डोळ्यासमोरची पट्टी लावून काम चांगलं भागतं. पीप साइटचा हा मोठा फायदा आहे. उजव्या खांद्यावरून डाव्या डोळ्यानं बघता यावं यासाठी आरसा किंवा प्रिझमची साइट असते, भिंग नसेल तर नियमातही बसते, पण मुलांसाठी ती नकोच. तिचं जुळवणं मोठ्यांनाही जिकिरीचं जातं.

मूल स्वतः "या बाजूनं नको" म्हणालं तर? चार दिवस चाचणी घ्या आणि मग त्याचं ऐका. रायफल आधाराच्या स्टँडवर ठेवून, रोज दहा छर्रे उजवीकडून आणि दहा डावीकडून. आज उजवीकडून सुरुवात केली तर उद्या डावीकडून, नाहीतर दुसऱ्या बाजूला नेहमी थकलेलं मूल मिळतं. लक्ष्याचं कार्ड उलटं लावायचं, पांढरी बाजू समोर, म्हणजे गुणांचा मोह नाही. पाच छर्‍यांच्या भोकांचा ग्रुप दहा रुपयांच्या नाण्यानं झाकला जातो का बघा. ते नाणं २७ मिमीचं आहे, मापाला सोयीचं. डोळ्याच्या बाजूचा ग्रुप दुसऱ्याच्या दीडपटीच्या आत असेल तर तीच बाजू घ्या, महिन्याभरात तो मागे टाकेल. दुपटीहून मोठा असेल आणि मूलही नाखूश असेल, तर हाताची बाजू आणि ब्लाइंडर.

ब्लाइंडर

काळी पट्टी लावू नका. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकत्रच लहान-मोठ्या होतात. एक डोळा अंधारात गेला की नेमाच्या डोळ्याची बाहुलीही मोठी होते आणि कडा मऊ दिसायला लागतात. पिस्तुलात हे जास्त जाणवतं, पीपमध्ये कमी, पण काळ्यानं मुलाचं डोकं दुखतं ते दोन्हीकडे. दुधी, अर्धपारदर्शक पट्टी हवी: उजेड आत यावा, आकार दिसू नयेत. शाळेच्या फाइलचं दुधी प्लास्टिक या कामाला छान आहे.

चष्म्यावर किंवा टोपीवर लावायची पुढची पट्टी नियमानं ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही. रायफलच्या मागच्या साइटला लावायची पट्टी उंचीला जास्तीत जास्त ३० मिमी, आणि भोकाच्या मध्यापासून न वापरायच्या डोळ्याकडे जास्तीत जास्त १०० मिमी. मुलांसाठी हीच बरी, कारण डोक्यावर काही लटकत नाही आणि ती सारखी हलवत बसत नाहीत. आयरिस (पीपचं भोक लहान-मोठं करणारी चकती) फिरवून काढा, पट्टीला तेवढंच भोक पाडा, पट्टी मधे घालून आयरिस परत बसवा. मुलाचा चेहरा लहान असल्यानं ७०-८० मिमी पुरते. पिस्तुलाच्या मुलाला चष्मा असेल तर त्या काचेवर धुरकट चिकटपट्टीचा तुकडा लावा, पारदर्शक नाही, लिहिता येते तसली.

दोन्ही डोळे उघडे ठेवायची सवय पहिल्याच दिवसापासून लावा. ब्लाइंडर डोळा मिटायची गरज संपवण्यासाठी असतो. लावूनही मूल डोळा मिटत असेल तर पट्टी छोटी पडते आहे किंवा तिरकी बसली आहे.

पहिले दोन महिने

मॅच रायफलला वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो. क्लबच्या रायफली साडेचार किलोच्या आसपास. तीस किलोच्या मुलासाठी तो त्याच्या वजनाचा पंधरा टक्के भार होतो. म्हणून आधी टेबलावर बसून, मग आधाराच्या स्टँडवर उभं राहून, आणि महिना-दीड महिन्यानं पाच-पाच छर्रे विनाआधार. ज्युनिअर रायफल मिळाली तर फार बरं. लांबीचा पहिला अंदाज असा: बट, म्हणजे रायफलचं खांद्याकडचं टोक, कोपराच्या आतल्या खळीत टेकवून हात रायफलशेजारी पुढे ठेवा, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर यायला हवं. लांब रायफल छोट्या मुलाला दिली की ते पाठ मागे टाकून तोल सावरतं, डोकं मागे जातं, डोळा पीपपासून लांब जातो आणि डोळ्याचा सगळा अभ्यास वाया जातो. डोळा आणि पीप यांत तीन-चार बोटांचं अंतर हवं, मान ताठ, गाल नुसता टेकलेला. लाकूड चेहऱ्याकडे आणायचं, चेहरा लाकडाकडे न्यायचा नाही. त्यासाठी चीक पीस, म्हणजे गाल टेकायचा भाग, आधी वर घ्या.

पुढची रिंग मोठी द्या. लक्ष्याचं काळं ३०.५ मिमीचं, दहा मीटरवर. मुलाच्या डोळ्यापासून पुढची साइट ऐंशी-नव्वद सेंटिमीटरवर असते, त्यामुळे रिंगच्या जागी ते काळं साधारण अडीच मिलिमीटरचं दिसतं. ३.२ मिमीच्या रिंगमध्ये काळ्याभोवती पांढरं नावापुरतं उरतं, मूल ते मध्यावर आणायच्या नादात दहा-दहा सेकंद थांबतं. ४.२ किंवा ४.५ ची रिंग घातली की पांढरं कडं स्पष्ट दिसतं आणि मूल वेळेत ट्रिगर ओढतं. छोटी रिंग म्हणजे अचूक नेम ही समजूत मोठ्यांचंही नुकसान करते.

श्वास सोडून थांबल्यावर सहा ते आठ सेकंदांत छर्रा सुटला नाही तर बंदूक खाली. त्यानंतर दृष्टी मंदावते आणि अंग थरथरतं. खाली घेणं म्हणजे हार नाही हे मुलांना वारंवार सांगावं लागतं. खाली घेतलेल्या प्रत्येक नेमाला शाबासकी द्या. छर्रा सुटल्यावर मनात "एक, दोन" म्हणेपर्यंत नजर रिंगमध्येच.

दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला तीस-चाळीस छर्रे पुष्कळ झाले, आठवड्यातून तीन दिवस. बाकी वेळ ड्राय फायरिंग, म्हणजे छर्रा न भरता सराव, पांढऱ्या भिंतीसमोर. स्पर्धेत साठ छर्रे पंचाहत्तर मिनिटांत मारायचे असतात, पण तो आकडा पहिल्या वर्षी विसरा. जॅकेट-ट्राउझरही वर्षभर नको. मूल वाढतं, आणि ताठ जॅकेट वाकडा पवित्रा झाकून ठेवतं.

सुरक्षेचे नियम पहिल्या छर्‍याआधी, आणि त्यात सवलत नाही: नळी कायम लक्ष्याकडे, बोट ट्रिगरबाहेर, नळीत सेफ्टी फ्लॅगची (नळी रिकामी असल्याची खूण) दोरी, "स्टॉप" ऐकलं की हात बाजूला. पेलेट, म्हणजे छर्रे, शिशाचे असतात. ते तोंडात धरायचे नाहीत, रेंजवर डबा खायचा नाही, आणि निघताना साबणानं हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही.

डाव्या बाजूच्या मुलाची सोय

इथं बहुतेक क्लब कमी पडतात, आणि त्याचा भुर्दंड मुलाला बसतो. डाव्या खांद्याला उजवी रायफल लावली की चीक पीस उलट्या बाजूला असतो, ग्रिपचा फुगवटा तळहातात टोचतो, लोडिंगचा लिव्हर चेहऱ्यासमोरून हात नेऊन ओढावा लागतो. दोन्ही बाजूंना चालणारं लाकूड असलेली एक तरी ज्युनिअर रायफल क्लबात हवीच. पिस्तुलाची ग्रिप तर हाताच्या आकाराची कोरलेली असते. उजवी ग्रिप डाव्या हातात बसतच नाही, डावी वेगळी मागवावी लागते, आणि मुलांसाठी सगळ्यांत लहान मापाची. हातमोजा उजव्या हाताचा, कारण पुढचा हात तो. जॅकेटही उलटं: बटणं आणि खांद्याचा पॅच डावीकडे.

लेनही ठरवून द्या. उजवा रायफल नेमबाज उजवीकडे छाती करून उभा राहतो, डावा डावीकडे. डाव्या मुलाला मधे किंवा उजव्या टोकाला उभं केलं की तो आणि त्याच्या डावीकडचा नेमबाज समोरासमोर येतात, आणि मूल नेमापेक्षा शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतं. सगळ्यांत डावीकडची लेन दिली की त्याच्यासमोर भिंत आणि पाठीमागे पाठ. मॉनिटर आणि पेलेटची डबी दुसऱ्या बाजूला सरकवा. शिकवणाऱ्यानं त्याच्या डाव्या अंगाला उभं राहावं, ट्रिगरचं बोट आणि चेहरा तिथूनच दिसतो. सवयीनं उजवीकडे उभं राहिलं तर नुसती पाठ दिसते.

चष्मा असलेल्या मुलांची एक वेगळी अडचण असते. रायफलच्या पवित्र्यात डोळा काचेच्या मध्यातून न बघता नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो. नंबर मोठा असेल तर तिथं चित्र वाकतं आणि सरकतं. चष्मा नाकावर थोडा वर चढवून, मागे दोरीनं बांधून तात्पुरतं भागतं. स्पर्धा सुरू झाल्या की काच फिरवता येणारी नेमबाजीची फ्रेम घ्यावी.

नंबर बदलला, उंची भराभर वाढली किंवा ग्रुप विनाकारण पसरायला लागला की डोळ्याची चाचणी पुन्हा घ्या. एरवी वर्षातून एकदा. आणि हे सगळं मुलाच्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहा: तारीख, हात, प्रबळ डोळा आणि तीसपैकी किती, खांदा, पुढच्या रिंगचं माप, चीक पीसची खूण, ब्लाइंडरची लांबी, चष्म्याचा नंबर. मूल शिबिरातून क्लबात जातं, क्लबातून शाळेच्या संघात, दर वेळी शिकवणारा बदलतो. नव्या सरांनी विचारलं, "कोणत्या हातानं लिहितोस?" तर मुलानं ते पान उघडून त्यांच्यासमोर धरावं.